अर्थ लावलास का?

“गाडीच्या लाइटीतलं मला कळत नाही असं आता काही उरलेलं नाही, उस्ताद. तुम्ही फक्त एवढंच सांगा, माझ्या बल्बात खोट आहे का?”

असं विचारून मच्छिंद्र करांडेनं अँब्युलन्सचा ब्रेक दाबला, आणि मागं डावा इंडिकेटर लागला.

ब्रेकचा लाल दिवाही लागला, नाही असं नाही. पण त्याच्या जोडीनं पिवळा इंडिकेटर मिणमिणायला लागला, नवरदेवाशेजारी बोहल्यावर चढलेल्या आगंतुकासारखा. मच्छिंद्रनं खिडकीतून मान काढून तो बघितला, दात खाल्ले, आणि आपल्याला हेच दाखवायचं होतं अशा थाटात इंडिकेटरचा खटका ओढला.

इंडिकेटर डोळ्यात कुसळ गेल्यासारखा फडफडला. त्याच्या प्रत्येक फडफडीला शेजारचा ब्रेकचा दिवा मान डोलवायला लागला.

उस्ताद बघतच नव्हते. ते खाटेवर बसून डाळिंब सोलत होते.

उस्ताद म्हणजे नबीलाल मुलाणी. माणदेशातल्या त्या फाट्यावर चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करत बसलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांचे पुढचे दात पडले, आणि दातांबरोबर शब्दांची शेपटंही गळाली. वायरिंगचं ‘वायर’ झालं, फिटिंगचं ‘फिट’ झालं.

दुसऱ्या कुणाचे दात पडले तर लोक हसतात. उस्तादांचे पडले तर लोक पाया पडायला लागले. कारण म्हातारा आता अर्धवट बोलायचा, आणि अर्धवट बोलणारा माणूस पोचलेला असतो अशी त्या भागात पक्की समजूत आहे. एका बागायतदाराला त्यांनी सांगितलं, “आधी लोड कमी कर.” त्यानं घरी जाऊन सोसायटीच्या चेअरमनकीचा राजीनामा दिला. ट्रॅक्टरवरचे जादाचे चार दिवे तसेच राहिले.

आणि मच्छिंद्र हा त्यांचा जुना शिष्य. आईबापानं नाव ठेवलं ते गुरूचं, त्यामुळं शिष्य होणं त्याला कधी झेपलंच नाही. सहा वर्षांपूर्वी एलईडी बल्बांवरून दोघांचं वाजलं. उस्ताद म्हणाले, तू अजून कच्चा आहेस. मच्छिंद्रनं हातातली पक्कड गुरांच्या हौदात फेकली आणि तालुक्याला जाऊन ‘करांडे एलईडी वर्ल्ड’ काढलं. तेव्हापासून फाट्यावरून जाताना तो मान दुसरीकडं करायचा. एकदा तशी मान करून जाताना गतिरोधक दिसला नाही, आणि पुढची नंबरप्लेट तिथंच ठेवून गेला. उस्तादांनी ती पुसून भिंतीला लावली होती.

असा माणूस आज आपल्या पायांनी आला होता. पायांनी म्हणजे, शालन घुटुकडेनं आणला होता.

शालन ही गावच्या तालमीनं घेतलेल्या अँब्युलन्सची ड्रायव्हर. आठवड्यापूर्वी मच्छिंद्रनं तिच्या गाडीचे सगळे जुने बल्ब काढून एलईडी बसवले होते, आणि दिवाळी झाली असं सांगून पाठवलं होतं. काल ती एका बाळंतिणीला घेऊन पुलावर होती. पुढं शेरडं आली, तिनं ब्रेक दाबला. मागच्या दुधाच्या टेम्पोवाल्याला दिसला डावा इंडिकेटर. बाई बाजूला होऊन वाट देतेय असं समजून तो उजवीकडनं सुटला, आणि समोरून एसटी. टेम्पो अँब्युलन्सला घासत, पत्रा सोलत आत शिरला. बाळ-बाळंतीण वाचली. पण शालन रात्रभर झोपली नाही, आणि उजाडताच तिची बोटं मच्छिंद्रच्या शटरवर वाजत होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. चार वाजता येसूआण्णांना डायलिसिसला न्यायचंय. एक खेप चुकली की आण्णांचा श्वास कोंडतो. ही गाडी अशीच घेऊन ती रस्त्यावर येणार नाही, आणि गावात दुसरी गाडी नाही. एक तर नीट कर, नाहीतर जुने बल्ब परत घाल.

जुने बल्ब मच्छिंद्रनं उकिरड्यावर टाकले होते.

सकाळपासून त्यानं काय काय केलं ते तो आता उस्तादांना सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. एलईडीला उलटं-सुलटं असतं म्हणून प्रत्येक बल्ब काढून फिरवून बसवला. इंडिकेटर फडफडतो म्हणून त्याची उघडझाप करणारा नवा फ्लॅशर घातला, खास एलईडीचा. तरी फडफड जाईना म्हणून जुन्या बल्बाइतका करंट खाणारा रेझिस्टर जोडला, तर तो असा तापला की दिव्याच्या प्लॅस्टिकला भोक पडलं. तो काढला. ब्रेकचा स्विच बदलला. इंडिकेटरचा खटका बदलला. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं, फक्त या वेळी शिव्या देत.

“आता ह्या म्हणतात बल्ब फालतू आहेत. बल्ब फालतू नाहीत, उस्ताद. मी स्वतः निवडून आणलेत.”

शालन पायरीवर हाताची घडी घालून बसली होती. ती म्हणाली, निवडून तर आमदारबी येतो.

उस्तादांनी डाळिंबाचे दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, तोंडात टाकले. बराच वेळ चघळले. बिनदाताच्या तोंडात डाळिंब म्हणजे दोन तासांचं काम.

“अर्थ लावलास का?” त्यांनी विचारलं.

मच्छिंद्र थबकला. सहा वर्षांत म्हाताऱ्याबद्दल जे जे ऐकलं होतं ते सगळं त्याच्या डोक्यातून सरकून गेलं. त्यानं आवाज खाली आणला. म्हणाला, अर्थ काय लावायचा त्यात, लोकांना नवं काही बघवत नाही, हाच अर्थ.

शालन म्हणाली, अर्थ असा की तुमच्या हाताला यश नाही, करांडे. कालपर्यंत ती त्याला मच्छिंद्रभाऊ म्हणायची.

उस्तादांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

“कुठं लावलास?”

“काय कुठं लावलास?”

“अर्थ.”

आता मात्र मच्छिंद्रचा बांध फुटला. सहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. म्हणाला, तिकडं आण्णा अंगणात पिशवी भरून बसलेत, इकडं माझं नाव मातीत चाललंय, आणि तुम्ही खाटेवर बसून डाळिंब खात मला अर्थ विचारता. तुमच्या पाया पडणारी ती खुळी लोकं वेगळी. मी तुमच्याजवळ सात वर्षं काढलीत, मला तुमचं पाणी माहीत आहे.

“मी दिव्याचं विचारतोय उस्ताद, आणि तुम्ही कीर्तन लावलंय.”

डाळिंबाचं अर्धं साल मच्छिंद्रच्या छातीवर येऊन बसलं. म्हाताऱ्याचे दात गेले होते, नेम गेला नव्हता.

“अर्थ, गाढवा. काळी वायर. दिव्यातनं निघून गाडीच्या पत्र्याला जाती ती.”

शालननं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती.

मच्छिंद्रनं शर्टावरचं साल काढलं. त्याचा चेहरा ब्रेकच्या दिव्यासारखा झाला होता. तो पुटपुटला, अर्थिंग म्हणायचं की मग सरळ.

“दात आण माझे. म्हणतो.”

काळी वायर मच्छिंद्रनं बघितली नव्हती. पाच तासांत त्यानं गाडीतली अशी प्रत्येक वस्तू बदलली होती, जी त्याच्या दुकानात खोक्यात मिळते. काळी वायर खोक्यात मिळत नाही. पण तो करांडे होता, हरला असं तोंडानं म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती. त्यानं नवा मुद्दा काढला, आणि मुद्दा बरा होता. म्हणाला, जुने बल्ब होते तेव्हा हीच काळी वायर होती. आठ वर्षं कधी इंडिकेटर मिणमिणला नाही. मग दोष अर्थिंगचा कसा?

शालननंही मान हलवली. तिलाही ते पटलं, आणि मच्छिंद्रचं काही पटलं याचा तिला राग आला.

उस्ताद उठले. गुडघे दोनदा वाजले. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून एक लांब वायर काढली, दोन्ही टोकांना नागडी. एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला लावलं. मागं येऊन डाव्या दिव्याची काच उघडली, आणि दुसरं टोक आतल्या पत्र्याच्या पट्टीवर टेकवलं. ज्या पट्टीतून त्या दिव्यातल्या सगळ्या बल्बांचा करंट परत जातो, ती पट्टी.

बोटानं खूण केली, ब्रेक.

शालननं जाऊन ब्रेक दाबला. लाल दिवा लागला. लख्ख. एकटा.

उस्तादांनी वायर काढली. पिवळा मिणमिणला.

टेकवली. पिवळा विझला.

काढली. मिणमिणला.

भिंतीवरच्या नंबरप्लेटीवर एक माशी बसली होती, ती उडाली नाही.

मच्छिंद्र जागच्या जागी उडाला. त्याला पहिली गोष्ट सुचली ती ही, की बल्ब चांगले आहेत. ती त्यानं मोठ्यानं सांगितली, शालनकडं बोट करून सांगितली, मग रस्त्यानं चाललेल्या एका मोटारसायकलवाल्याला थांबवून सांगायला निघाला होता, तेवढ्यात उस्तादांनी त्याच्या कॉलरीला धरून मागं घेतला.

“बल्ब खरा आहे,” ते म्हणाले.

मच्छिंद्रची छाती दोन बोटं वर आली.

“जुना बल्ब जाड कातडीचा. वाट चुकून थेंबभर करंट आला तर हलायचाबी नाही. हा तसा नाही. हा तुझ्यासारखा आहे. शेजारी कुणी कुजबुजलं तरी पेटतो.”

मच्छिंद्र म्हणाला, मी पेटत नाही. असं म्हणून पेटला. म्हणाला, तुम्ही जन्मभर मला हेच केलंत, गोड द्यायचं ते मिरचीत बुडवून दिलंत. बल्ब खरा आहे म्हणालात, तिथंच थांबला असता तर तुमचं काय गेलं असतं?

शालननं हॉर्न वाजवला. लांब, अँब्युलन्सचा. म्हणाली, कुजबुज पुरे झाली, एक वाजून गेलाय, आण्णांच्या घरून दोन फोन येऊन गेलेत. आधी गाडी, मग गुरुदक्षिणा.

मच्छिंद्र टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटला. दिव्यातून निघालेल्या काळ्या वायरीमागं बोट फिरवत फिरवत तो मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला पोचला, जिथं चिखल उडतो आणि कुणी बघत नाही. वरून त्याचे फक्त पाय दिसत होते. पाय बराच वेळ तक्रार केल्यासारखे हलत होते.

मग ते थांबले.

वायर तिथं होती. एका स्क्रूखाली आवळलेली. आणि वायरीच्या खाली पत्रा नव्हता, रंग होता. कारखान्यातून आला तसाच्या तसा पांढरा रंग, वर आठ वर्षांचा चिखल.

रंगातून करंट जात नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. आधी रंग खरवडायचा, पत्रा चांदीसारखा उघडा करायचा, मग वायर आवळायची. इथं ते केलंच नव्हतं. आठ वर्षं स्क्रूच्या आट्यांतून जेमतेम पाझरेल तेवढ्यावर दिवे जगले होते. आता आट्याही गंजल्या होत्या. परतीची वाट बंद, म्हणून ब्रेकचा करंट शेजाऱ्याच्या घरातून बाहेर पडत होता.

पण मच्छिंद्रचे पाय थांबले ते त्यामुळं नाही.

वायरीला एक गाठ होती. स्क्रूभोवती तीन वेढे आणि शेवट आत खोचलेला, फेट्याच्या टोकासारखा. अशी गाठ त्या तालुक्यात एकच माणूस बांधत होता. त्याचे शिष्य ती बांधायला बघायचे आणि त्यांची सुटायची.

मच्छिंद्र गाडीखाली हसला. गाडीखाली हसलेला माणूस वर येऊन काय करेल हे सांगायला पोचलेला उस्ताद लागत नाही.

पण आधी त्यानं काम केलं. एवढं त्याचं म्हणायला पाहिजे. गाठीला धक्का न लावता वायर स्क्रूपासून अलगद उतरवली आणि पुरावा म्हणून कापून खिशात घातली. पात्यानं रंग खरवडला, पत्रा लखलखीत केला, नवा स्क्रू, नवं टोक, घट्ट आवळलं. शालननं ब्रेक दाबला. लाल, एकटा. इंडिकेटर दिला. सकाळी बसवलेल्या नव्या फ्लॅशरचं आता कुठं चीज झालं, दिवा शांतपणे उघडझाप करायला लागला, दुपारच्या झोपेतल्या म्हशीच्या डोळ्यासारखा.

शालननं तीनदा बघितलं. खाली उतरून आणखी एकदा बघितलं. मग वर बसून गाडी चालू केली. पण गियर टाकला नाही. वेळ होता, आणि अशी गोष्ट अर्ध्यात सोडून जाणं माणदेशात कुणालाच जमलेलं नाही.

मच्छिंद्र खाटेसमोर उभा राहिला. तोंडाला चिखल, केसांत गंज. खिशातनं गाठ काढून त्यानं डाळिंबाच्या ताटलीत ठेवली.

“ही कुणाची?”

उस्तादांनी ती उचलली. डोळ्यांजवळ नेली. तिच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं, जुना शेजारी भेटल्यासारखं.

“माझी.”

मग मच्छिंद्र बोलला. शालनला ऐकू जावं म्हणून इंजिनाच्या वरच्या पट्टीत बोलला. म्हणाला, ऐका ताई. गाडी आठ वर्षांपूर्वी तालमीनं आणली तेव्हा हिच्या मागच्या दिव्यांची वायर ह्यांनीच टाकली. रंगावर. तालुक्याला शिकवणाऱ्या माणसानं रंगावर अर्थ आवळला. आणि काल पुलावर जे झालं त्याचं खापर माझ्या बल्बांवर फुटलं. मला कच्चा म्हणाले होते. चार माणसांत म्हणाले होते. मी सहा वर्षं ते उरावर घेऊन झोपलोय.

त्याचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं चिखलाच्या हातानं पुसलं, त्यामुळं ते दिसेनासं झालं आणि चेहरा आणखी भयंकर झाला.

उस्ताद गाठ बोटांत फिरवत राहिले.

ते बघून मच्छिंद्र आणखी भडकला. म्हणाला, नाकारू नका, मी तिथं होतो. श्रावण होता, तुमचा उजवा अंगठा भाजला होता, पट्टी होती. मी तुमच्या शेजारी ह्याच गाडीखाली पडलो होतो. स्क्रू मीच हातात दिला. माझ्या डोळ्यांसमोर बांधलीत तुम्ही ही गाठ. साक्षीदार आहे मी.

“आता एकदा म्हणा. ह्यांच्यासमोर म्हणा. चूक कुणाची?”

शालननं इंजिन बंद केलं.

उस्तादांनी गाठ ताटलीत परत ठेवली. मच्छिंद्रकडं बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

“माझी. बांधायच्या आधी मी तुला विचारलं होतं, खरवडलंस का? तू हो म्हणालास… आणि मी वाकून बघितलं नाही.”